बाबांच्या पदकाचा कागद

सौसर,
ता. २ जून १९८५

चि. मनोहर,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून लिहिलेलं दिसतं, ओळी सगळ्या उताराला लागल्या आहेत. संत्र्याच्या ट्रकवर चढायचं तुझं वय राहिलं नाही हे मी मागच्या बहारातच सांगितलं होतं, तेव्हा तू हसला होतास. आता हाड जुळेपर्यंत खाट सोडू नको. चंद्रकलाला म्हणावं, नवऱ्याने शिव्या घातल्या तरी त्याला उठू द्यायचं नाही.

इकडे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात. नाक्यावर माझी पाळी नेमकी दुपारची लागते, आणि ऊन अजून मरायचं नाव घेत नाही.

एक आनंदाची बातमी. मोहगावच्या कलाबाईकडचं पदक अखेर मिळालं. तिचा नवरा पहिलवान होता, पस्तीस सालच्या राजाच्या ज्युबिलीच्या कुस्ती-दंगलीत त्याने ते जिंकलं होतं. सोनाराकडे मोडीत निघालं होतं, मी अडवलं. पण त्याचा कागद तिच्या भिंतीवर काचेत, आणि ती म्हणे, चांदी ने, कागद राहू दे. मी पदक तिच्यापुढे ठेवलं आणि उठलो. पुन्हा गेलो, पुन्हा उठलो. शेवटी ती सुनेला म्हणाली, "हा माणूस कागदापायी चांदी सोडून राहिला. चोर तर नाय दिसत, येडा असंल." आणि दोन्ही काढून दिले.

माझा नियम तुला ठाऊक आहे. कागदाशिवाय पदक मी घेत नाही. नुसतं पदक म्हणजे धातू, नुसता कागद म्हणजे फुशारकी. दोन्ही जोडीने असले की कोणाच्या बापाला खोटं म्हणता येत नाही. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, त्यांनी तरी पुरावा सांभाळून ठेवावा.

इतकं लिहून झालं तरी तू विचारलेल्या गोष्टीकडे मी आलो नाही, हे माझ्याच ध्यानात आलं. येतो.

तुझ्या सरलाला नर्सिंगची जागा मिळायची तर जातीचा दाखला हवा. दाखल्याला पन्नास सालाआधीचा पुरावा हवा. आपण मुळचे रामाकोन्याचे, म्हणून काम इथल्या कचेरीत. बाबा शाळेत गेले नाहीत, शेत कधी नव्हतं, आणि तुझ्यामाझ्या शाळेच्या नोंदीत 'बौद्ध' आहे. ते मीच करवून घेतलं. दीक्षा घेऊन नागपूरहून आलो आणि रजिस्टर बदलेपर्यंत हेडमास्तरांच्या दारात उपाशी बसलो. तू तेव्हा माझ्यासाठी पाणी घेऊन यायचास. जिंकलो आपण. आता घरात जुना शब्द असलेला एकच कागद उरला, तो बाबांच्या पदकाचा.

कायदा काय म्हणतो ते मला शिकवू नको. धर्म बदलला, सवलत संपली. वरूडला, नागपूरला त्यांच्या सरकारने आपल्यापुरती वाट काढली. आपल्या उशाशी सीमा आहे, पण आपण अलीकडे, मध्यप्रदेशात. मी छिंदवाड्याच्या वकिलाला भेटलो. दिल्लीला अर्ज केले, भोपाळला केले. 'विचाराधीन आहे' एवढंच उत्तर येतं. माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो रे, टेबलाच्या पलीकडे जात नाही.

पण तो कागद मी देणार नाही. तू तेव्हा जन्मला नव्हतास, म्हणून पुन्हा सांगतो. सदतीस साल, राजाच्या राज्यारोहणाचे खेळ, रामाकोन्याहून सौसरपर्यंत धाव. मे महिना, बाबा अनवाणी. सगळ्यांच्या पुढे आले. मालगुजाराने पदक हातात दिलं नाही, विटाळ नको म्हणून वरून सोडलं. ते ओंजळीतून निसटून दगडावर आपटलं. पदकावरच्या राजाच्या कानाजवळची खोच त्याचीच. ते जिंकले हे पदक सांगतं, पदक वरून का टाकलं हे कागद सांगतो. दोन्ही वेगळे केले की ती दुपार झालीच नव्हती असं होईल.

कचेरीवाले म्हणतात, फोटोस्टॅट काळी येते, अस्सल कागद फाइलला लावा. फाइलला लागलेला कागद परत आलेला तू पाहिलास? मी नाही पाहिला. आणि त्यासोबत 'आम्ही हिंदू' असं प्रतिज्ञापत्र. चौदा एप्रिलला हजार माणसांपुढे मी सांगितलं की तो शब्द आपण मागे टाकला. जूनमध्ये त्याच शब्दासाठी रांगेत उभा राहू?

दुसरा मार्ग शोध. माझ्यावर रागव, पण लिहीत जा.

तुझा दादा,
भाऊराव


सौसर,
ता. १९ जून १९८५

चि. मनोहर,
जयभीम.

सरला परवा येऊन गेली. तू पाठवलीस की आपणहून आली, मी विचारलं नाही. तुझ्या वहिनीने तिला भाकरी वाढली, मी समोर बसून नकाराची तयारी करत होतो. मुद्दे लावून ठेवले होते. सभेआधी लावतो तसे.

जेवण झालं, हात पुसले, आणि म्हणाली, "मोठेबाबा, मी मागाले नाही आली. मले फक्त पाह्यचं हाय."

मी पदकांची पेटी उघडली. तिने बाबांचं पदक आधी घेतलं नाही, कागद घेतला. दोन्ही तळहातांवर धरून मोठ्याने वाचायला लागली. "चिंधू वल्द सोमा, कौम महार, राहणार मौजे रामाकोना, याने राज्यारोहणाच्या खेळांत धावेत पहिला नंबर मिळविल्याबद्दल पदक इनाम दिले असे." कुठे अडखळली नाही. बाकीचे शब्द वाचावे तसेच जातीचे तेही दोन वाचले. आपल्या घरात ते दोन शब्द त्या कागदावरून मोठ्याने वाचलेले मी पहिल्यांदा ऐकले.

मग तिने विचारलं, आजोबांना वाचता येत होतं का? मी म्हटलं, नाही.

"मंग त्याइले कोनं वाचून दाखवलं?"

मी म्हटलं, मी.

"सगळं?"

मनोहर, पंचवीस वर्षं मी बोलतो आहे. विरोधकांनी मधेच उठून प्रश्न टाकले, दगड टाकले, मी अडलो नाही. त्या एका शब्दापुढे मी पेटीचं झाकण पुसायला लागलो.

तुला कधी सांगितलं नाही, ते सांगतो. मी तिसरीत होतो. जोडाक्षरं वाचायला लागलो हे कळताच बाबांनी तो कागद काढला. इतकी वर्षं त्यांनी तो आढ्याला खोचून ठेवला होता, कोणाकडून वाचून घेतला नव्हता. शेजारचे नत्थूजी येऊन बसले, आई चूल सोडून आली. मी वाचायला लागलो. त्यांच्या वडिलांचं नाव झालं, पुढे ते दोन शब्द आले. बाबांकडे पाहिलं. ते इतके ताठ बसले होते, की मी ते शब्द ओलांडून रामाकोन्यावर उडी मारली. "चिंधू वल्द सोमा, राहणार मौजे रामाकोना." बाबा म्हणाले, आणखी एक खेप वाच. मी पुन्हा तसंच वाचलं. पुढे घरी कोणी आलं की हाच कार्यक्रम, आणि प्रत्येक वेळी माझी तीच उडी. दीक्षेच्या आदल्या साली बाबा गेले. मी काय गाळतो ते त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

सरलाला यातलं काही सांगितलं नाही. ती आपणच म्हणाली, "भाषणात तर तुम्ही हा शब्द दहा खेपा घेता." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच लागला. व्यासपीठावर तो शब्द शत्रूच्या अंगावर फेकायचा असतो. बाबांच्या पुढ्यात ठेवायचा नसतो.

तिने कागदाची घडी जुन्याच रेषांवर घातली, पदकाची खोच बोटाने चाचपली आणि चपला घातल्या. बसस्टँडपर्यंत मी सोबत गेलो. वाटेत तिने इंजेक्शन कसं देतात ते सांगितलं. संत्र्यावर सुई टोचून शिकतात म्हणे. आपल्याकडे त्याला तोटा नाही, म्हणाली. बस सुटेपर्यंत तिने कागदाचा विषय काढला नाही.

काढला असता तर बरं झालं असतं. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. न मागणाऱ्याला काय म्हणायचं, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही.

फॉर्मची मुदत या महिन्याची आहे, हे मी विसरलो नाही. तुझं प्रतिज्ञापत्र तयार असेल तर तिच्यासोबत पाठव. याहून जास्त आज लिहवत नाही.

दादा


सौसर,
ता. २७ जून १९८५

चि. मनोहर,

काम झालं. दाखला आठवड्यात मिळेल, साहेबाने सरलाला सांगितलं आहे. तोवर अर्जाची पोच जोडली तरी चालतं. ती आज संध्याकाळच्या बसने हे पत्र घेऊन निघते आहे.

कचेरीतला बाबू वाईट माणूस नव्हता. मला पाहून उठला, खुर्ची दिली. एप्रिलमध्ये मैदानात मागे उभं राहून त्याने माझं भाषण ऐकलं होतं. लय जोरदार झालं म्हणाला. मी मान हलवली. सरला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली.

तुझ्या प्रतिज्ञापत्राखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. वर काय लिहिलं आहे ते वाचून केली. न वाचता केली असं मला पुढे म्हणायचं नाही.

मग त्याने बाबांचा कागद उजेडाला धरला. शाई उडाली आहे, अक्षर लागत नाही, म्हणाला. "भाऊसाहेब, तुमीच वाचून सांगा. मी लिहून घेतो."

मी चष्मा लावला. उभा राहूनच वाचलं. चिंधू वल्द सोमा. त्याने लिहिलं. मग ते दोन शब्द आले. आजूबाजूला चारपाच माणसं होती, अर्जवाले. माझ्या तोंडून ते हळू निघाले. त्याने मान वर करून पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितले, त्याला ऐकू जातील असे. त्याने लिहिले. राहणार मौजे रामाकोना. तेही लिहिलं.

"याने राज्यारोहणाच्या खेळांत धावेत," मी पुढे वाचत होतो.

"बस, भाऊसाहेब," तो म्हणाला. "पुढचं नाही लागत."

त्याने टोच्याने कागदाला भोक पाडलं, फीत ओवली आणि फाइल बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली. सरलाने माझी बाही धरली आणि बाहेर आणलं. रसाच्या गाडीवर तिने मला रस पाजला. पोरीला चांगलं जमेल ते काम.

तिच्यासोबत रुमालात गुंडाळून पदक पाठवतो आहे. ते आता माझ्या पेटीत राहू शकत नाही, नियम माझाच आहे. तू ठेव. कोणी विचारलं की ही खोच कशाची, तर तू सांग. मी सांगत होतो तेव्हा हाताशी कागद होता, तुला तोंडानेच सांगावं लागेल. येत्या दसऱ्याच्या सभेला मी नाही म्हणून कळवलं आहे. घसा धरला आहे असं कारण दिलं.

पाय जप. सरला प्रशिक्षणाला निघेल त्या दिवशी तिला सोडायला मला बोलव. न बोलावता मी येणार नाही.

वर तुझ्या नावाखाली नेहमीचा शब्द लिहिला नाही, ते पाहिलंस. लिहायला घेतला होता.

भाऊराव वल्द चिंधू,
राहणार सौसर