गुहेतले चौघे

३ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

त्या सकाळी दूध तापवून झालं होतं, अभ्रे भिजत पडले होते आणि मी खिडकीची काच पुसत होते. व्हिडिओ गेम खेळत बसलेल्या तुझ्या दादानं हाक मारली, म्हणाला, हातातलं टाक आणि बघ, गुहेत मला विष चढलंय. मी म्हटलं, चढू दे, आधी कप विसळ. हसत त्यानं खेळ होता तिथे राखून ठेवला आणि उठला. दुपारी त्याला दवाखान्यात नेलं, पुढचं तुला ठाऊक आहे.

वर्षभरानं काल मी तो जुना खेळ लावला. चौघं तिथेच उभी आहेत. पुढे तलवार घेतलेला दादा, मागे वैद्य म्हणजे मी, चोर म्हणजे तू (नाव त्यानं ठेवलंय, माझ्यावर रागावू नकोस), आणि शेवटी समोरच्या टकलूच्या नावाचा जादूगार. शब्दकोश घेऊन खेळाबरोबरची पुस्तिका वाचली. विष चढलेल्याचा पावलागणिक जीव कमी होतो. दादाचा थोडाच उरलाय. माझे मंत्र संपलेत, आणि विष उतरवणारी शेवटची मुळी त्यानं तुला दिली. मेलेला परत उठत नाही. कुणी मेलं की यंत्र लगेच टिपून ठेवतं, बंद करून मागे जाता येत नाही. म्हणून मी बटणाला हातच लावला नाही. पण लावताना पडदा दोनदा कोरा आला. तू असले खेळ बनवतेस, काय करू सांग.

माया आहेच, उत्तराला मात्र उशीर करू नकोस.

तुझी वहिनी

८ मार्च

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

मी येईपर्यंत खेळ लावू नकोस. खेळाच्या कॅसेटच्या पोटात छोटी बॅटरी असते, तिच्यावर चौघं जगतात. ती संपत आलीय. गेली की सगळेच जातील. रविवारी मी एक यंत्र आणते, त्यातून सगळं माझ्या कॉम्प्युटरवर उतरवू. मग खुशाल चाल. मेला तर पुन्हा तिथूनच सुरू कर. शंभर वेळा मेला तरी बिघडत नाही.

खरा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र होऊन खेळायचा खेळ, कोणता, यावर आमच्या ऑफिसात रोज भांडणं होतात. जुनी मंडळी म्हणतात, चूक अंगाशी येते तो. आम्ही म्हणतो, माणसं दिवसभर बाहेर मार खातात, घरी पुन्हा कशाला? आमच्याकडे पडलेला सोबती लढाई संपली की धूळ झटकून उठतो, आणि वाट बाण दाखवतो. दादा आमच्या खेळांना पाळणाघर म्हणायचा! आणि चोर कशी गं मी? त्याची बिस्किटं तेवढी खाल्ली होती.

पण वहिनी, भीती मलाही वाटते. तो तिथे उभा असायला हवाय मला.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

रागावशील. मी थांबले नाही.

आधी तू मागे दिलेला तुमच्या ऑफिसातला नवा खेळ लावला. बाण दाखवेल तिकडे गेले, पडले, उठले. तासाभरात भीती गेली, मग कुणाची काळजीही वाटेना. थकलेल्या माणसाला तो बरा, तुमचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण शंभर वेळा मेला तरी बिघडत नाही, हे तुझं वाक्य घशाखाली उतरेना. मी त्याला एकदा जाताना पाहिलंय. इथे तर चालवणारी मीच. शंभर वेळा माझ्याच्यानं होणार नाही. आणि तसाच ठेवला तर बॅटरीबरोबर चौघंही जाणार, तूसुद्धा.

सकाळी दादाचा जुना खेळ लावला. दादाला रांगेत मागे घेतलं, म्हणजे वार दुसऱ्यांवर पडावेत. दोन वळणं चुकले. सांगणारं कुणी नव्हतं, पाण्याच्या आवाजानं वाट काढली. दर पावलाला पडदा लाल व्हायचा आणि मी डोळे मिटायचे. बाहेरचा उजेड दिसला तिथे तो पडला. यंत्रानं टिपलं. मग तिघांना गावात नेऊन मुक्कामाला ठेवलं.

रविवारी तुझं ते यंत्र आणि नवी बॅटरी घेऊन ये. रागासकट ये, पण लोभ घरी विसरू नकोस.

तुझी वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी तुला, म्हणजे चोराला, रांगेत पुढे उभं केलं आणि तिघांना घेऊन गावाबाहेर पडले.