सोडलेले लाल रुमाल

शुक्रवार, संध्याकाळ, कोरगाव

संताप उतरतच नाही. अभिलेखागारात पहिल्याच दिवशी शिकवलं, कागद आले त्याच क्रमाने ठेवायचे. आणि आज, उद्या पाहुणे येणार म्हणून सरांनीच पार्से गावच्या नाटकमंडळीचे कागद बांधलेले लाल रुमाल सोडायला लावले. हँडबिलं एका खोक्यात, फोटो दुसऱ्यात. कपाट शोभतं म्हणे! एका रुमालात एक नाटक होतं, सर! मी तसं बोलले तर सर म्हणाले, "तू शिकायला आलीयस ना?"

दुपारी हे रुमाल आम्हाला देणारे काका वडिलांचा फोटो बघायला आले. वडील त्यांच्या लहानपणीच गेले, याच मंडळीतले स्त्रीपार्टी नट. नावं हँडबिलांवर, पण कुठलं हँडबिल कुठल्या फोटोचं? लुगड्यातले, रंगवलेले सगळे चेहरे मी त्यांच्यापुढे मांडले.

"बाय, ह्यांतलो माझो बापूय खंयचो?"