पूर्वेकडचा अर्धा गाळा

मी, गौरवी, कै. अनंत तळवणेकर यांची मुलगी व कै. विशाल यांची पत्नी, वय सत्तावीस, मराठी शाळेतील शिक्षिका, राहणार पेडणे, गोवा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना आणि संपूर्ण समजुतीने करीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांना आशा आहे. मलाही आहे, पण आशेच्या भरवशावर गाळा सोडून जाता येत नाही.

वर्गाबाहेर चार माणसांत मला धड बोलता येत नाही, हे पेडण्यात सर्वांना ठाऊक आहे. हा मजकूर उपनिबंधकांसमोर दुसऱ्याच्या आवाजात वाचला जाईल, म्हणून तो पुरता लिहिला आहे.

१. मालमत्ता. पेडण्याच्या बाजारातील बांगड्यांच्या दुकानाचा अर्धा, पूर्वेकडचा भाग माझा आहे. पश्चिमेकडचा अर्धा माझे काका गोकुळदास यांचा. मधे भिंत नाही, बाबांनी आणि काकांनी ती कधी घातली नाही. आई आधीच गेली होती, बाबा गेल्या वर्षी गेले, आणि त्यांचा हिस्सा माझ्याकडे आला. माझे पती विशाल मुरगाव बंदरात कामावर असताना अपघातात त्यापूर्वीच वारले असल्यामुळे या हिश्शावर सासरचा हक्क पोहोचत नाही. हे वकील पल्लवी यांनी तपासून सांगितले आहे.

२. कारण. मे महिन्यात काकांच्या मुलीचे, समीक्षाचे, लग्न झाले. रीतीने चुडा भरायला कासार लग्नघरी जातो. आमचे लग्नघरच कासाराचे, म्हणून बायका दुकानात जमल्या. नवरीचे हात भरून झाल्यावर घरच्या आणि शेजारच्या बायका एकेक करून बाबांच्या शिसवी पाटावर बसू लागल्या. माझी पाळी आली तशी मीही बसले.

"गौरवी, तूं ऊठ," काका म्हणाले. "हीं कांकणां तुजे खातीर न्हय."

"गिरायक म्हणून बसल्यां, काका. पैशे दितां."

"गिरायक कोण तें हांव थारायतलों. दुकान म्हजें."

मागून शेजारच्या सुशीलाबाईंचा आवाज आला, "अर्दें तिचें न्ही रे, गोकुळदास? मगीर अर्दो हात तरी भर!"

दुकान भरून बायका हसल्या. सुशीलाबाईंना मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. त्या हसण्यातला त्यांचा वाटा त्यांना पोचलेला आहे.

काकी शेवंती हसल्या नाहीत. त्यांनी माझे मनगट धरून मला उठवले आणि म्हणाल्या, "व्हंकलेच्या चुड्याक तुजो हात नाका गो बाये. लग्न जातकच पळोवया." नवरीच्या चुड्याला माझा हात नको, लग्न झाल्यावर पाहू, असे त्यांचे म्हणणे होते, म्हणून लग्न आटोपल्यावर मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "आतां कित्याक? लग्न जालें न्ही?"

३. काकांची बाजू. मी या प्रश्नाचा विचार शिक्षिकेला शोभेल इतक्या निष्पक्षपणे केला आहे. दुकानदाराला गिऱ्हाईक परत पाठवता आले पाहिजे, हे मला मान्य आहे. एकदा एक दारुडा बाजाराच्या दिवशी पाटाजवळ उभा राहून हात भरून घेणाऱ्या बायकांना काहीबाही बोलत होता. काकांनी त्याला हाताला धरून रस्त्यावर काढले. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला होता. पण तो माणूस काहीतरी करीत होता. मी फक्त बसले होते.

याच काकांना मागच्या हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहाने, इथे परदेशी पाहुण्यांचीच व्यवस्था आहे म्हणून, दारातूनच परत पाठवले. काका घरी येऊन न जेवता ओट्यावर बसले. "आमच्याच गांवांत आमकां भायर काडटात!" असे ते सबंध आठवडा भेटेल त्याला सांगत होते. मी त्यांना पाणी नेऊन दिले होते. त्या पाण्याचे मला आज वाईट वाटते.

आणि तेरेखोलचा किल्ला पाहून परतणाऱ्या परदेशी बायका दुकानात शिरल्या की काका त्यांच्या हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा चढवतात. त्यांतल्या कोणाचा नवरा जिवंत आहे, हे त्यांनी कधीही विचारलेले नाही.

४. बाबांविषयी. बाबांचा हात हलका होता. गिऱ्हाइकाची बोटे साबणाच्या पाण्यात ओली करून ते म्हणत, "हात सैल सोड, माझ्याकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ," आणि सर्वांत अरुंद बांगडी अंगठ्याच्या गाठीवरून मनगटात कधी उतरली ते कळतही नसे. विशाल गेल्यानंतर माझे हात त्यांच्यासमोर दोन वर्षे मोकळे होते. त्यांनी विचारले नाही, मी मागितले नाही. त्यांच्याबद्दल याहून अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

५. पुस्तके शाळेच्या वाचनालयाला. त्यांवर माझे नाव घालू नये. बँकेतील शिल्लक, इस्पितळाचा खर्च वजा जाता, शाळेतील मुलींच्या वह्यांसाठी.

६. समीक्षा. लग्नानंतर ती माहेरी आली तेव्हा मागल्या दाराने माझ्या खोलीत आली आणि कागदात गुंडाळलेल्या बांगड्या पुढे करून म्हणाली, "ताय, कोणाक सांगूं नाका, हीं घे." मी घेतल्या नाहीत. जी वस्तू तिच्या बापाने पुढच्या दाराने विकली नाही, ती मागल्या दाराने मला नको होती. तरी घरात तेवढी एकच आली, म्हणून माझे शब्दकोश आणि विशालची स्कूटर तिला द्यावी.

७. अंत्यविधी. माझ्या प्रेताच्या हातांत कोणी बांगड्या भरू नयेत. विशेषतः काकांनी, तेव्हा हळवे होऊन, तसे करू नये. मेलेल्या हातात काच वाजत नाही.

८. गाळा. आईबापांना आणि मुलांना वारसा सरसकट नाकारता येत नाही, असा गोव्याचा कायदा आहे. काकांना नाकारता येतो. म्हणून मी तो नाकारते. त्यांच्या पश्चिमेकडच्या अर्ध्यात त्यांनी कोणाला विकावे आणि कोणाला उठवावे, हा त्यांचा अधिकार मी अबाधित ठेवते.

पूर्वेकडचा अर्धा भाग, त्यातील मालासह आणि बाबांच्या पाटासह, मी काकी शेवंती यांना देते. पल्लवी यांनी दोनदा विचारले, "नक्की?" होय, नक्की. आपल्या गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते. दोघांतला नवरा गेला की अपशकुन मात्र बायकोच्या एकटीचा. म्हणून स्पष्ट लिहिते की हा हिस्सा त्या दोघांच्या सामाईक मालमत्तेत जमा होऊ नये. तो काकींचा एकटीचा राहील.

अट एकच. पाटावर बसलेल्या कोणत्याही बाईला, तिने पाटावर बसण्याखेरीज काही केले नसेल तर, उठवू नये. तसे एकदा जरी घडले, तरी हिस्सा समीक्षाकडे जाईल.

काकींवर माझा लोभ नाही. माझे मनगट त्यांनी धरले ती जागा मला अजून दाखवता येते. परंतु काका त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे आहेत. ते दीर्घायुषी होवोत. ज्या दिवशी ते नसतील, त्यानंतर पेडण्याच्या बाजारात काकींचे हात भरले जातील असे एकच दुकान असेल, आणि ते त्यांचेच असेल. वरील अट त्या दिवशीही लागू आहे. त्या पाटावर येऊन बसल्या, तर त्यांनी स्वतःलाही उठवू नये.

येणेप्रमाणे मी लिहिले, ते मला वाचून दाखवण्यात आले, आणि त्यातील एकही शब्द मी मागे घेतलेला नाही.

सही: गौरवी अनंत तळवणेकर

साक्षीदार:
१. सरस्वती नाईक, सहशिक्षिका, डिचोली (सही)
२. योगेश परब, मुद्रक, पेडणे (सही)

स्थळ: पेडणे, गोवा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२४