पुस्तकांवरच्या पट्ट्या

वत्सला यशवंत साळुंखे, तुझे नाव असे सलग मी आज प्रथमच लिहीत आहे. संसारभर आपले 'अगं, ऐकलंस का' यावर भागले. नाव घेण्याचा मला संकोच वाटे, आणि तू जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर त्या संकोचाला काही अर्थ उरलेला नाही. कोरेगावातली तुझ्या बालवाडीची खोली आज रिकामी केली. तुझ्यामागे गल्लीतल्याच एका बाईंनी बालवाडी चालवली, परंतु यंदा मुलेच आली नाहीत. शिवाय घरमालकीणबाईंचा मुलगा फौजेतून निवृत्त होऊन येतो आहे, त्याला जागा हवी. तुझी चित्रांची पुस्तके मी आधीच घरी आणली होती, मेढ्याच्या एका अंगणवाडीला देण्यासाठी.

त्या पुस्तकांविषयीच लिहायचे आहे. प्रत्येक चित्राखाली, जिथे मजकूर असतो तिथे, पांढऱ्या कागदाची पट्टी खळीने चिकटवलेली होती. मला वाटले, पाने फाटली असतील आणि तू डागडुजी केली असशील. द्यायची वस्तू नीटनेटकी द्यावी, या विचाराने मी रोज सकाळी ओल्या फडक्याने एकेक पट्टी भिजवली आणि सोलून काढली. खालची अक्षरे शाबूत निघाली, याचे मला समाधानही वाटले.

त्याच सुमारास आपली मुलगी आष्ट्याहून सुट्टीला आली. नात चार वर्षांची आहे. तू तिला पाहिलेले नाहीस. ती दूधवाल्याशी बोलते, मांजराशी बोलते, माझ्याशी मात्र बोलत नाही. मी काही विचारले की मान हलवते आणि आईच्या मागे जाते. परत जाण्यापूर्वी तिने माझ्याशी चार गोष्टी बोलाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून तिला शेजारी बसवून मी एक पुस्तक वाचून दाखवले, स्पष्ट उच्चारांत, स्वल्पविराम पाळून. तिने चित्रातल्या बदकाच्या पायावर बोट ठेवले. बोटाखाली शब्द झाकला जात होता, म्हणून ते बाजूला करून मी ओळ पूर्ण केली. शेवटी ती म्हणाली, "झालं?" आणि उठून गेली.

मुलगी मेथी निवडत होती. "अप्पा, पट्ट्या कुठं गेल्या?" तिने विचारले. मी काय केले ते सांगितले. तिने हातातली मेथी खाली ठेवली.

"आईनं मुद्दाम लावल्या होत्या त्या. अक्षरं दिसली की मोठी माणसं नुसती वाचत सुटतात आणि पोरं गप्प होतात, म्हणायची."

"मोठी माणसं म्हणजे कोण?"

"जाऊ द्या ना, अप्पा."

"सांग."

"तिला ताप आला होता, तेव्हा तुम्हीच गेला होतात की बालवाडीत."

गेलो होतो. कचेरीतून रजा काढून गेलो होतो. मुले हाताची घडी घालून बसली आणि मी होती नव्हती ती सगळी पुस्तके वाचून संपवली. घरी येऊन अभिमानाने तुला म्हणालो, "एकानेही तोंड उघडले नाही." तू अंथरुणावर पडल्या पडल्या हसलीस. "व्हय? लय गुणाची पोरं," म्हणालीस. अंगातला ताप उतरला तशी तू गॅसवर खळ शिजवायला घेतलीस. कशासाठी, असे मी विचारले. "पुस्तकांना औषध करतेय," असे तुझे उत्तर, आणि मी वर्तमानपत्राचे पान उलटले. तू मला एका शब्दानेही दुखवले नाहीस. माझ्यापासून पुस्तके सांभाळलीस, तीही मला कळू न देता; आणि तुझे ते औषध मी ओल्या फडक्याने पुसून काढले. हे लिहितानाही मान वर होत नाही.

आज खोली आवरायला जाताना नातीलाही बरोबर नेले होते. तिथे फळीच्या मागे एक पुस्तक सापडले, पट्ट्यांसकट. बैलगाडीतून उडी मारणारी शेळी. ते चित्र मी ओळखले. तेव्हाचे आठवले: कचेरीतून परतताना मी याच दाराशी थांबलो आहे, तू मुलांच्या मधोमध जमिनीवर बसली आहेस. "का उडी मारली असंल रं हिनं?" तू विचारतेस. "तिला न्हाई जायाचं बाजारला." "मग कुठं जायाचंय?" "मावशीकडं." पुढच्या क्षणी सगळी मुले शेळ्या होऊन खोलीभर पळत आहेत. "आवं, आत या की," तू मला म्हणतेस, "आमाला गाडीवान कमी पडलाय." मी चपला काढत नाही.

आज काढल्या. नातीसमोर पुस्तक उघडले आणि वाचायला काही नसल्यामुळे मी थांबलो. तीही थांबली. "ही शेळी काय करीत आहे, मला समजत नाही," मी म्हणालो, आणि ते खरे होते. ती सरकून जवळ आली.

"रुसलीया ती."

"कोणावर?"

"गाडीवानावर. त्यो तिच्यासंगं खेळतच न्हाई." मग माझ्याकडे नीट पाहून, "आजोबा, तुमी बैल व्हा. मी गाडीत बसते."

मी झालो. हातांवर आणि गुडघ्यांवर, इस्त्रीच्या पँटमध्ये. ती पाठीवर बसली, हाकत होती, सारखी बोलत होती, आणि आम्ही खिडकीपर्यंत पोचलो होतो, तोच घरमालकीणबाई दारात आल्या. "आवं साहेब, काय हरवलं व्हय?"

मी नातीला खाली उतरवले आणि उभा राहिलो. "शर्टाचे बटण पडले आहे," म्हणालो.

नातीने ते खरे मानले. खेळ सोडून ती जमिनीवर ओणवी झाली, कोपरे पाहिले, सतरंजी उचलून पाहिली. बाई हसून ओसरीवर जाऊन बसल्या. पुष्कळ वेळाने नात माझ्यापाशी आली आणि तिने माझा हात धरला. "न्हाई घावलं, आजोबा. उद्या परत येऊन शोधू." मी "बरं" म्हणालो.

माझ्या शर्टाची सर्व बटणे जागेवर होती. ते तिला मी अजून सांगितलेले नाही. तुला सांगतो आहे, कारण हा कागद कोठे पाठवायचा नाही. शेळीचे पुस्तक मी मेढ्याच्या गठ्ठ्यात घातले नाही, ते नातीच्या पिशवीत आहे. दाराला कुलूप लावले. किल्ल्या बाईंना परत दिल्या.