बाळाला माझ्या हाती देण्याआधी

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

नमस्कार. टाक्यांचं दुखणं कमी झालं असेल. भावोजींना नमस्कार सांग आणि बाळाच्या कानाजवळ माझा एक पापा दे. फोटोत अगदी तुझ्यासारखी कपाळाला आठ्या घालून झोपलीये. आई म्हणते, "हिच्या पोटी हीच आलीये!"

येते येते म्हणून मी दोनदा टाळलं. कारखान्यात काम आहे म्हटलं. ते आहेच, थंडीचे कोट इस्त्रीला येऊन पडलेत. पण परवा फोनवर तू रडलीस, "धाकटे, एवढी कसली गं परकी झालीस?" तोंडाने सांगवेना, म्हणून लिहिते.

ताई, मला फिट येतात.

पहिली कामावर आली. जाग आली तेव्हा तोंड रक्ताने भरलं होतं. चौघांनी मला दाबून धरलं होतं आणि दातखीळ उघडायला कुणीतरी चमचा घातला होता. जिन्यावरून पडून दात तुटला असं मी तुला म्हणाले होते ना, तो या चमच्याने तुटला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अपस्मार आहे. गोळ्या चालू आहेत. मी विचारलं, "माझ्यापासून कुणाला होईल का?" तर म्हणाल्या, "ही काय सर्दी आहे?" मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

दुसऱ्या वेळी शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारी बडबडी मैत्रीण जवळ होती. तिला मी सगळं सांगून ठेवलं होतं. तिने तापलेली इस्त्री बाजूला केली, माझ्या डोक्याखाली कोट सरकवला आणि घड्याळाकडे बघत बसली. पाणी पाजायला आलेल्यावर खेकसली, "ठसका लागून मरेल ती!" झटके थांबल्यावर तिने मला कुशीवर वळवलं. मी डोळे उघडले तर म्हणते, "उठल्या का महाराणी?"

पण तेव्हा माझ्या हातात इस्त्री होती, ताई. बाळ असतं तर? हल्ली घडी केलेला कोट उचलला तरी तो छातीशी धरून आधी खाली बसते.

मी येते. पण मला तिला एकटीने आंघोळ घालायला सांगू नकोस. खाली गादीवर बसून घेईन, तेही तू शेजारी असलीस तरच. मला फिट आली तर आधी तिला उचल. मग माझ्या डोक्याखाली मऊ काहीतरी घाल, मला कुशीवर कर. दाबून धरू नकोस, तोंडात बोटसुद्धा घालू नकोस. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नको. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर लगेच रुग्णवाहिका बोलाव. भावोजींनाही हे वाचून दाखव.

आणि वाचून भीती वाटली तर तसं लिही. मला राग येणार नाही. फक्त, बाळाला माझ्यापुढे धरताना तुझे हात मागे सरकले, तर ते मला बघवणार नाही.

ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तरी,

तुझीच,
धाकटी