पेटीत पडलं की मिळालं

२७ एप्रिल, सोमवार
आज टेबलावर मूठ आपटली. पुन्हा! कोरियातल्या सोलहून आमचे बडे बे साहेब पडद्यावर होते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या व्हेंकेला म्हणाले, "रविवारी फोन का उचलला नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "रविवार माझा." साहेबांचा चेहरा पडला आणि माझं डोकं फिरलं. "इथे जर्मनीत, आमच्या कासेलमध्ये रविवारी दुकानसुद्धा उघडत नाही, साहेब!"
व्हेंकेनं माझ्याकडे बघितलं. दोन सेकंद तरी. त्यावर आठवडा काढीन.

२८ एप्रिल
व्हेंकेला काढतायत!
साहेब ई-मेलनंच काढणार होते. आमच्या विभागप्रमुख दिटमारबाईंनी थांबवलं— "इथे नोकरी ई-मेलनं जात नाही, साहेब. कागद हवा, शाईची सही हवी. तीस तारखेच्या आत घरी पोचायला हवा. एक मेपासून ती कायम. मग काढून दाखवा!"
आणि ते पाकीट माझ्या हातात!
"मी का?"
"विभागात जर्मन वाचणारे तिघंच, बाळा. मी, तू आणि ती. तिच्या टपालपेटीत टाक. वर तारीख-वेळ घाल, सही कर."
"ती घरी नसली तर?"
"पेटीत पडलं की मिळालं. उघडो न उघडो."
मीही तिच्याबरोबरच लागलो, एक नोव्हेंबरला. माझीही सहा महिन्यांची उमेदवारी तीसलाच संपते. नाही टाकलं तर मी गेलोच. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला दुसरं कोण घेणार? आई तर टपूनच बसलीय— "सांगितलं नव्हतं?"
कुठूनच वाट नाही.

२९ एप्रिल
पाकीट जाकिटाच्या आतल्या खिशात. छातीला टोचतं.
जेवताना व्हेंकेनं अर्धा पाव दिला, सॉसेज घातलेला. वर बघेना.
"हेनिंग, घरची टपालपेटी उघडतोस ना रे?"
"किल्ली हरवलीय. दोन महिने झाले."
"उघड."
एवढंच! कान लाल झाले होते तिचे.
तिनं मला पत्र लिहिलंय! हातानं! आणि मी खिशात काय घेऊन फिरतोय?

३० एप्रिल
तिच्या दाराशी गेलो. दोनदा पाकीट फटीपर्यंत नेलं. खिडकीतून एक म्हातारा ओरडला, "टाकतोयस की पेटीचं माप घेतोयस?"
सरळ पुलावर गेलो. फाडलं. फुल्डा नदीत सोडलं.
बाईंना फोन केला— "नाही टाकलं. टाकणारही नाही. मलाच काढा!"
 बाई म्हणाल्या, "मूर्ख पोरा." आवाज अगदी मऊ.
रात्री बारा वाजले की ती कायम! आता तिचं पत्र वाचायचं. पण पेटी उघडेना. उद्या फोडतोच.

१ मे
सुट्टी. स्क्रूड्रायव्हर घालून पेटी फोडली. जाहिराती. विजेचं बिल. कंपनीचं पाकीट. आत नोकरीवरून काढल्याचा कागद, त्यावर माझं नाव, खाली बाईंची शाईची सही.
पाकिटाच्या कोपऱ्यात— २९ एप्रिल, सकाळी ६.५०. पोचवणाऱ्याची सही: व्हेंके.
अक्षर सुंदर आहे तिचं.