डोहातल्या राज्याचा पाचवा भाग

मु. राहू

प्रिय सुलू,

आप्पांना जाऊन उद्या महिना होईल. दहाव्याला तू नदीवर आलीस, लांब बाभळीखाली उभी राहिलीस आणि तिथूनच शिरूरची गाडी धरलीस. तुझे सावळाराममामा म्हणाले, "पोरीचा राग अजून गेला न्हाई व्हय?"

कारखान्यात उसाच्या काट्यावर बसून माणूस राजे-राण्यांच्या कादंबऱ्या लिहितो, याचं गावाला फार हसू यायचं. "काय भाऊसाहेब, डोहातला राजा बरा हाय ना?" असं कुणी विचारलं की आप्पा म्हणणार, "तुमचीच चौकशी करत होता." भीमेच्या डोहाखाली त्यांनी शंखांचे किल्ले बांधले, मगरींवर खोगीर घातलं. मी मॅट्रिक झालेली, पोथीपलीकडे वाचन नाही. मला त्यातलं फार कळत नसे. पण न्हावऱ्याहून एक म्हातारे गृहस्थ एसटीनं मुद्दाम डोह बघायला आले, तेव्हा पाण्याकडे बघून त्यांनी हात जोडले. तू सात वर्षांची होतीस. कादंबरीतली राजकन्या मीच, असं त्यांना ठासून सांगितलंस.

चौथ्या भागाच्या शेवटी ती राजकन्या कैदेत पडली. पाचव्याची दोनशे पानं झाली आणि गठ्ठाच नाहीसा झाला. दिवाळीला कपाट आवरून रद्दी तू दिली होतीस. "माझं राज्य किलोवर विकलंस," म्हणाले. तू रडत सांगत होतीस, आप्पा, मी हात न्हाई लावला. त्याला सहा वर्षं झाली. पुन्हा लिहायला बसायचे, दहा ओळी झाल्या की फाडायचे. दवाखान्यात शेवटी शेवटी मला विचारायचे, "सुटली का गं पोरगी?" मी म्हणायचे, सुटली.

परवा प्रकाशक पोपटराव आले. चारही भाग एकत्र काढतायत. प्रस्तावना वाचून दाखवली. पाचवा भाग मुलीच्या हातून रद्दीत गेला, असं त्यात होतं. मी म्हटलं, खोडा ते. "वहिनी, साहेबांनीच सांगितलं होतं." मग मी त्यांना सांगितलं, जे तुझ्या आप्पांना कधी सांगितलं नाही. पक्की प्रत झाली की कच्च्या प्रतीचे पाठकोरे कागद ते मला जपाला देत. वही कशाला विकत घ्या, म्हणून मी त्यांवर रामनाम लिहायचे. फळीवरचा गठ्ठा तसलाच समजले. कारखान्याचा हंगाम चालू, त्यांनीही चार महिने तिकडे पाहिलं नाही. सव्वा लाख नाम पुरं झालं, गठ्ठा लाल फडक्यात बांधला आणि डोहात सोडला.

ते शोधायला लागले तेव्हा मला कळलं. तुझ्यावर आळ आला आणि मी भाकरी थापत राहिले. मला ते रागावले नसते गं. पण पुन्हा त्यांच्या हातचा एक कागद मला मिळाला नसता.

पोपटरावांनी सगळं लिहून घेतलं, मी खाली सही केली. चार भागांत माझं नाव कुठंच नाही; आता येईल, ते असं. गावानं छापील वाचायच्या आधी तू माझ्या अक्षरात वाचावंस, एवढ्यासाठी लिहिलं. माफ कर म्हणायला तोंड नाही.

तुझीच, आणि तरी तुझ्या बाजूनं न बोललेली,
आई